लकी अलीनंतर ढोलकी

दादाच्या 1999 सालच्या मारुती 800 मध्ये कॅसेट प्लेअर अजून आहे. गाडी पुन्हा पुन्हा पासिंग करून घेतलेली, दारं ओढून लावावी लागतात, एसी कधी नव्हताच. पण प्लेअर चालतो, कारण दादाने जानेवारीत त्याचा बेल्ट बदलून घेतला, कापसाला स्पिरिट लावून टेप वाचणारं हेड पुसलं आणि मला फोन केला, "बायो, नव्वदच्या दशकातल्या दहा कॅसेट निवड. गुहागरला मामाकडे जाऊ, तिथून पुढे रस्ता नेईल तिकडे. मोबाइलवर एकही गाणं लावायचं नाही."

दहा निवडताना आमचं दोनदा भांडण झालं. 'मेड इन इंडिया' घ्यायची की नाही यावरून एकदा, आणि 'आशिकी'वरून एकदा. 'आशिकी' 1990 ची, म्हणजे ती ऐंशीच्या दशकात धरायची असं दादाचं गणित. मी सोडून दिलं. आईच्या कपाटातून निघालेल्या कॅसेटींपैकी सहा-सात जणींच्या रिळांवर पांढरे ठिपके होते. समुद्राजवळची हवा, मग डोंबिवलीची हवा, बुरशी धरणारच. अशी कॅसेट थेट वाजवायची नाही. आधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे पळवायची, म्हणजे चिकटलेले थर सुटतात. सेल वाचवायला लहानपणी आम्ही षट्कोनी पेन्सिल घालून कॅसेट गरगरा फिरवायचो. या वेळीही तसंच केलं. मनगट भरून आलं.

दिवस पहिला : डोंबिवली ते आंजर्ले

पहाटे पाचला निघालो. पनवेल, पेण, वडखळ. महामार्गाबद्दल काही लिहीत नाही, तो आहे तसा आहे. माणगावला मिसळ खाल्ली आणि तिथून म्हसळ्याकडे वळल्यावर दादाने पहिली कॅसेट आत ढकलली, 'रोजा'.

मूळ तमिळ 'रोजा' 1992 चा. आमच्यापर्यंत पोचला तो हिंदीत डब झालेला. रहमानचा हा पहिलाच चित्रपट, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं असतं तरी फरक पडला नसता, आम्हाला फक्त 'दिल है छोटा सा' पाहिजे होतं. मामाकडचा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र, मोनो होता, एकच स्पीकर. त्याच्यावर सुट्टीभर ती कॅसेट झिजवली. वाद्यं डावीकडून उजवीकडे जातात, मागून कुणीतरी हळूच काहीतरी वाजवतं, हे मला पुढे कॉलेजात मैत्रिणीच्या हेडफोनवर कळलं. तेव्हा चक्क फसवणूक झाल्यासारखं वाटलं होतं. म्हणजे इतकी वर्षं मी अर्धाच 'रोजा' ऐकत होते! गाडीत दोन दारांत दोन स्पीकर आहेत, त्यातला डावा फाटका. त्यामुळे यंदा पुन्हा अर्धाच.

हरिहरेश्वरला थांबलो नाही. बागमांडल्याला फेरीबोटीच्या रांगेत तिसरा नंबर लागला. सावित्रीच्या खाडीच्या अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे वेसवी, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. बोटीत गाडी लावली, इंजिन बंद केलं, चावी अर्धी फिरवून प्लेअर चालू ठेवला आणि 'सुनो' लावली.

या कॅसेटबद्दल आधीच सांगायला हवं. लकी अलीचा 'सुनो' 1996 मध्ये आला. मेहमूदचा मुलगा गातो, एवढीच आमची माहिती. पिरॅमिडपाशी चित्रित केलेला 'ओ सनम'चा व्हिडिओ शहरातल्या पोरांनी पाहिला होता. मामाच्या वाडीत केबल नव्हती, त्यामुळे आम्ही गाणं आधी ऐकलं आणि पिरॅमिड खूप नंतर पाहिले. आमच्याकडे होती ती 'भरून घेतलेली' कॅसेट. तेव्हा बाजारात प्रत्येक कॅसेटवाल्याकडे पाटी असायची, 'कॅसेट भरून मिळेल'. कोरी साठ मिनिटांची कॅसेट न्यायची, गाण्यांची यादी द्यायची, दोन दिवसांनी भरलेली मिळायची. बेकायदा होतं हे आता कळतं. तेव्हा ओरिजिनलचे पैसे कुणाकडे होते?

साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. भरणारा बसून हिशेब करत नसे. त्याने स्वतःच्या मनाने क्रम लावला होता आणि ए साइडचं शेवटचं गाणं अंतऱ्याच्या मध्यात खट्‌कन तोडलं होतं. बी साइडला ते पुन्हा सुरू होत नाही, तिथे पुढचं गाणं. आणि बी साइडला लकी अली संपल्यावर दोन सेकंद खरखर, मग एकदम ढोलकी. ढोलकी, झांजा, शे-दोनशे माणसांची हाळी, आणि एक शाहीर 'आशिकी'तल्या चालीवर गणरायाला नमन करतो. तो मामाचा जाखडीचा सामना, म्हणजे कोकणातल्या नाच-गाण्याचा, शक्तीवाले आणि तुरेवाले अशा दोन पक्षांतला सवाल-जवाब. मी 1997 च्या मे महिन्यात कोरी कॅसेट म्हणून मामाची भरलेली कॅसेट देऊन आले होते.

बोटीत आमच्या शेजारी ओल्या काजूच्या गोण्या घेऊन निघालेला एक टेम्पोवाला होता. ढोलकी सुरू झाल्यावर त्याने मान वळवून पाहिलं. "शक्तीवाले की तुरेवाले?" त्याने विचारलं. आम्हाला सांगता आलं नाही.

केळशीवरून आंजर्ल्याला पोचायला चार वाजले. कड्यावरच्या गणपतीच्या पायऱ्या चढलो, वरून सुवर्णदुर्ग दिसला. रात्री उतरलो तिथल्या काकूंनी काजूची उसळ आणि घावणे वाढले. दादाने अंगणात गाडीची दारं उघडी टाकून 'बूंदें' लावली, सिल्क रूट बँडवाली, 1998 ची. 'डूबा डूबा' संपायच्या आत डास आले. आत गेलो.

दिवस दुसरा : आंजर्ले ते गुहागर

हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव पाहायचं ठरलं होतं. उठायला उशीर झाला, राहून गेलं. दापोलीवरून दाभोळला उतरलो. वाशिष्ठीची खाडी, पलीकडे धोपावे. इथली फेरीबोट 2003 मध्ये सुरू झाली. आमच्या लहानपणी गाडी घेऊन पलीकडे जायचं तर चिपळूणवरून वळसा. आता दहा मिनिटं. आमच्या लहानपणी आमच्याकडे गाडी नव्हती ही गोष्ट वेगळी. आम्ही मुंबईहून रात्रीच्या एसटीने गुहागरला यायचो, आणि खिडकीची जागा ज्याची, त्याच्याकडे वॉकमन, असा करार होता.

या टप्प्यात 'मेड इन इंडिया' लावली. 1995, अलिशा चिनॉय, संगीत बिद्दूचं, व्हिडिओत मिलिंद सोमण. माझं मत अजून तेच आहे, एका गाण्याची कॅसेट आहे ही. पण ते एक गाणं त्या साली गुहागरात एका वरातीत बँजो पार्टीने वाजवलेलं मी ऐकलं आहे. बँजोवर अलिशाचा आवाज, खाली ताशा. मूळ गाण्यापेक्षा ते बरं होतं, हे मी शपथेवर सांगेन. दादा म्हणाला, "म्हणूनच घ्यायची होती." तर हे भांडण तो जिंकला.

'कलोनियल कझिन्स' (1996) निम्मी वाजली. हरिहरनचा आलाप आणि लेस्ली लुइसची गिटार एकमेकांना वाट देत जातात, तेव्हा ते नवं वाटायचं. आता त्याची नक्कल इतकी झाली आहे की मूळच नक्कल वाटतं. हा त्या दोघांचा दोष नाही. धोपाव्याच्या चढावर टेप ओढायला लागली, आवाज खर्जात गेला, म्हणून काढली.

मामाकडे पोचलो तेव्हा तो ओटीवर बसून सुपारी कातरत होता. वय चौऱ्याहत्तर. गाडीतून आधी कॅसेटचा खोका उतरवलेला पाहून म्हणाला, "माझी आणलीस का गो?"

सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली, तो विसरलेला नाही.

दिवस तिसरा : मामाकडे

हा दिवस कुठेच गेलो नाही. सकाळी व्याडेश्वराला जाऊन आलो तेवढंच. फाकपंचमी होऊन गेली होती, वाडीतली पोरं होळीसाठी लाकडं ओढत होती, आणि त्यांच्या स्पीकरवर जे काय वाजत होतं ते मला एकही ओळखू आलं नाही. वय झालं.

मामाचा टू-इन-वन माळ्यावर होता. दादाने तो उतरवला, आतून पालीची दोन अंडी निघाली. रबरी रोलर डांबरासारखा चिकट झालेला, तो काही चालला नाही. मग मामाला गाडीतच पुढच्या सीटवर बसवलं, पाय बाहेर सोडून, आणि 'सुनो'ची बी साइड शेवटाकडे पळवली.

माझा गुन्हा नीट सांगते. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन खिडक्या असतात. त्यांचे पत्रे, म्हणजे प्लॅस्टिकच्या त्या टिकल्या, मोडल्या की वर काही भरता येत नाही. मामाने त्या मोडून ठेवल्या होत्या. म्हणजे त्याने सावधगिरी घेतली होती. मी खिडकीवर चिकटपट्टी लावून दिली, कारण कॅसेटवाल्यानेच शिकवलं होतं तसं. वर लेबल नव्हतं, म्हणून कोरी समजले, असं मी इतकी वर्षं घरात सांगत आले. लेबल होतं. पेन्सिलने 'सामना' लिहिलेलं होतं. मला वाटलं क्रिकेटचा असेल.

ढोलकी सुरू झाली. मामाने मांडीवर ठेका धरला. शाहिराचं नमन झालं, गौळण अर्धी झाली आणि टेप संपली. भरणाऱ्याने सुरुवातीपासून लकी अली टाकला, त्यामुळे सामन्याचा मुख्य भाग, म्हणजे खरा सवाल-जवाब, ए साइडवर होता तो सगळा गेला. बी साइडचा हा तुकडा म्हणजे मुळात दुसऱ्या दिवशीची, नुसती चाचणी म्हणून भरलेली बारी.

"सवाल काय होता?" दादाने विचारलं.

"सवाल आठवतो ना," मामा म्हणाला. "चौदा वर्षं लक्ष्मण झोपला नाही, तर त्याची झोप गेली कुठे?"

"ऊर्मिलेकडे," मी म्हटलं.

"ते शेंबड्या पोराला ठाऊक. समोरच्या शाहिराने ते उत्तर दिलंच नाही. दुसरंच काहीतरी दिलं. सगळं मैदान उभं राहिलं, आमच्या बाजूची माणसंसुद्धा. माझी ढोलकी थांबली, तेवढी एकदाच थांबली." सुपारीचं खांड त्याने तोंडात टाकलं. "काय बोलला ते आठवत नाही. सवाल माझ्या डोक्यात आहे, जवाब तुझ्या त्या अलीच्या खाली पुरलेला आहे."

रागाने बोलला नाही. मामी आतून म्हणाली, "आता काढता येतं म्हणे हो कॉम्प्युटरवर, खालचं." दादाने मान हलवली. वरून भरलं की खालचं पुसलं जातं, टेप आधी पुसणाऱ्या हेडवरून जाते आणि मग भरणाऱ्या. मामीला ते पटलं नाही.

दुपारी आईची 'सजदा' लावली. लता मंगेशकर आणि जगजीत सिंग, 1991, दोन कॅसेटींचा संच. काळाघोड्याच्या र्‍हिदम हाउसमधून आईने स्वतःच्या पगारातून घेतलेली ओरिजिनल. ते दुकान 2016 मध्ये बंद झालं. आमच्या घरात ओरिजिनल कॅसेट हा भांड्याकुंड्यांसारखा ऐवज होता, हात धुऊन लावायची. 1990 मध्ये जगजीत-चित्रा यांचा मुलगा गेला, चित्रा सिंग यांनी गाणं थांबवलं, आणि मग हा अल्बम. आईने हे मला कधी सांगितलं नाही. ती दर रविवारी दुपारी 'गम का खजाना' लावून कपड्यांच्या घड्या घालायची. नागपूरच्या शाहिद कबीर यांची गझल आहे ती. मी शाळकरी, मला ती गाणी फार हळू वाटायची. यंदा मामीबरोबर ओटीवर ऐकली. मामी म्हणाली, "ताई इथे आल्या की हेच लावायच्या, मला कंटाळा यायचा." मग आम्ही दोघीही हसलो. तरी पूर्ण ऐकली.

दिवस चौथा : गुहागर ते देवगड

निघताना मामीने कोकम आगळाच्या दोन बाटल्या दिल्या. हेदवी, मग तवसाळहून जयगडला तिसरी फेरीबोट. गणपतीपुळ्याला रांग पाहून नमस्कार रस्त्यावरूनच. रत्नागिरीला जेवलो. दादा इथे डिप्लोमाला होता, म्हणून भाट्याच्या पुलाआधी त्याने गाडी बाजूला घेतली आणि न विचारता 'गारवा' लावली.

मिलिंद इंगळे यांचं संगीत आणि आवाज, शब्द सौमित्र यांचे, गाण्यांच्या मधल्या जागेत कविता त्यांच्याच आवाजात. 1998. त्याच वर्षी जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली होती. दादाच्या डोक्यात या दोन गोष्टी एकच आहेत. पहिला पाऊस, रत्नागिरी स्टेशन, वॉकमनचा एक कान त्याच्याकडे आणि दुसरा कुणाकडे तरी. कुणाकडे ते मी इथे लिहीत नाही. वहिनीला माहीत आहे.

मला 'गारवा' तेव्हा जरा गोड वाटायची, आताही वाटते. माझं मराठीतलं मत 'ऋतू हिरवा'ला. श्रीधर फडक्यांच्या चाली, आशाबाईंचा आवाज, शीर्षकगीताला शांताबाईंचे शब्द. त्यात पाऊस आहे पण भिजायला कुणी बोलावत नाही, स्वरांनाच ओल आहे. दादा म्हणतो ही शिकवणीच्या बाईंची आवड. असू दे. पावस ते पूर्णगड तीच ऐकली, आणि गावखडीच्या सुरूच्या बनापाशी गाडी थांबवून शेवटचं गाणं उन्हात बसून ऐकलं. बाहेर चाळीसच्या आसपास तापमान असेल.

डॅशबोर्डवर ठेवलेली 'वंदे मातरम' (1997) तेवढ्यात वाकली. स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी रहमानने काढलेली, आमच्या शाळा-कॉलेजांनी स्पीकर फाटेस्तोवर वाजवलेली. वाकलेली कॅसेट आत जाईना. तिच्याशिवायही जमलं.

जैतापूरचा पूल, विजयदुर्ग बाहेरून, देवगडला मुक्काम. आंब्याची बोलणी ऐकत झोपलो.

दिवस पाचवा : मालवण

कुणकेश्वर सोडल्यावर 'सजदा'ची दुसरी कॅसेट प्लेअरने चघळली. आवाज किन्नरी झाला, मग गप्प. दादाने गाडी थांबवली तेव्हा रीळ बाहेर येऊन शेवयांसारखं लोंबत होतं. आईची कॅसेट. मी दहा मिनिटं काही बोलले नाही.

मालवणात बाजारपेठेतल्या एका गल्लीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान सापडलं. दुकानदार साठीचे, समोर मिक्सरचं भांडं उघडून बसलेले. कॅसेट पाहून त्यांनी मिक्सर बाजूला सारला. चुरगळलेली टेप नखाने सरळ केली, तरी एक वीतभर तुकडा वाचण्यासारखा नव्हता. तो कात्रीने तिरका कापला, टोकाला टोक भिडवून मागून पातळ चिकटपट्टी लावली.

"किती गेलं?" मी विचारलं.

"सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर पळता," ते म्हणाले. "वीतभर म्हणजे चार-पाच सेकंद. तुमका कळूचा नाय."

मला कळणार हे मला माहीत होतं. पण त्यांनी पुढे एक काम केलं. गाडीपाशी आले, प्लेअरच्या फटीतून बारीक पेचकस घातला, गाणं चालू ठेवून हेडचा स्क्रू पाव वळसा फिरवला, आणि गेले चार दिवस घोंगडीखालून येणारा आवाज एकदम उघडला. तिरकं झालेलं हेड. दादाचा चेहरा पाहण्यासारखा होता.

त्यांच्या कपाटात जुना न खपलेला माल होता. दहा-बारा कॅसेटी, बहुतेक दशावताराच्या आणि भजनांच्या. त्यांत 'सुनो' होती, ओरिजिनल, वेष्टनसुद्धा न काढलेली. मी किंमत विचारली तर म्हणाले, "घेवन जावा, माका तरी काय करूची हा." सोलकढीच्या दोन ग्लासांवर व्यवहार झाला.

किल्ला पाहिला नाही. बांगडा खाल्ला, तिरफळं घातलेला.

दिवस सहावा : मालवण ते वेंगुर्ला

सकाळी तारकर्लीहून निघाल्यावर वेष्टन फाडलं. आतला कागद अजून करकरीत, घडी उलगडताना वास आला. अर्ध्या आयुष्यात पहिल्यांदा आम्ही तो अल्बम त्याच्या स्वतःच्या क्रमाने ऐकला. क्रम आम्हाला चुकीचा वाटत होता. 'ओ सनम' अपेक्षेच्या जागी नव्हतं. आणि आमच्याकडे अंतऱ्यात तुटलेलं ते गाणं आलं, तेव्हा तुटायच्या जागी माझी मान आपोआप 'खट्' साठी खाली गेली. खट् झालं नाही. गाणं पुढे चालू राहिलं, आणखी एक कडवं, मग मधली गिटार, मग पुन्हा धृपद. चांगलं होतं. पण ते दुसऱ्या कुणाचं तरी गाणं होतं, आमच्या गाण्याच्या पुढे राहणाऱ्या शेजाऱ्याचं.

दादा काही बोलला नाही. कुडाळचा फाटा मागे टाकला, काजूच्या बागा सुरू झाल्या. बी साइड लावली.

वेंगुर्ल्याच्या बंदराजवळ पोचलो तेव्हा शेवटचं गाणं संपत आलं होतं. दादाने गाडी लावली, इंजिन बंद केलं, चावी अर्धी ठेवली. गाणं संपलं. खरखर. दादाची दोन बोटं स्टिअरिंगवर तयार होती, ठेका धरायला. एक सेकंद, दोन, तीन. खरखरच चालू. मग प्लेअरने बटण आपोआप वर टाकलं.

"अर्धवट वाटतंय गो," दादा म्हणाला.

मी खोक्यातून मामाची कॅसेट काढली आणि पेन्सिल शोधू लागले.